बदकाच्या पिल्लाचा पंख बाहेर वळला तर काय करायचे

बदकाची पिल्ले तीन आठवड्यांची झाली की रोज सकाळी खुराड्यातून सोडताना त्यांच्या पंखांकडे नजर टाकायची सवय लावा. आठव्या आठवड्यापर्यंत ही सवय सोडू नका. पंखाच्या टोकाची मोठी पिसे याच काळात फुटतात आणि पंख वाकडा व्हायचा असेल तर तोही याच काळात होतो. पहिल्या दोन-चार दिवसांत लक्षात आले तर चार बोटे कापडाच्या पट्टीने आणि खाणे बदलून बहुतेक पिल्ले सुधारतात. पिसे पुरी वाढून सांधा पक्का झाला की मग औषधाने किंवा पट्टीने काही होत नाही. तो पंख जन्मभर तसाच राहतो. या दुखण्यात औषधाला फारसे काम नाही, सगळे काम वेळेचे आहे.

आपल्याकडे किनाऱ्यावर हा त्रास श्रावणाच्या आसपास जास्त दिसतो आणि त्याला कारण आहे. मे महिन्याच्या शेवटी खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली तर २८ दिवसांनी, म्हणजे ऐन जूनमध्ये पिल्ले निघतात. मस्कोव्ही जातीच्या बदकांची असतील तर ३५ दिवस लागतात. पंखाची पिसे फुटायच्या वेळी बाहेर धो-धो पाऊस असतो. खळ्यात चिखल, व्हाळाला पूर, वर घार आणि खाली मुंगूस. मग माणूस पिल्लांना पडवीतच डालग्याखाली किंवा जाळीत कोंडतो आणि दया येऊन खायला भरपूर घालतो. चालणे नाही, पोहणे नाही, ऊन नाही आणि समोर खाणे कायम. पंख बिघडायला याहून वेगळे काही लागत नाही.

नेमके काय होते

बदकाच्या पंखाला आपल्या हातासारखेच खांदा, कोपर आणि मनगट असते. मनगटापुढच्या भागावर टोकाची लांब पिसे असतात. निरोगी पक्षी पंख मिटतो तेव्हा ही पिसे आतल्या, म्हणजे कोपराकडच्या पिसांखाली सरकून अंगाला चिकटून बसतात. पिसे फुटताना त्यांच्या देठात रक्त भरलेले असते. निळसर, जाड, ओलसर देठ सहज दिसतो. ही कोवळी पिसे जड असतात. पिल्लाचे अंग वेगाने वाढत असेल आणि मनगटाचे स्नायू व सांधा त्या मानाने कच्चे असतील, तर पिसांचे ओझे मनगटाला पेलवत नाही. आधी पंख थोडा खाली लोंबतो, मग मनगट बाहेरच्या बाजूला फिरते आणि टोकाची पिसे अंगापासून फाकून आडवी उभी राहतात. इंग्रजी पुस्तकांत याला एंजल विंग म्हणतात. कधी एकच पंख वळतो, कधी दोन्ही.

हे बदकांत आणि राजहंसांत जास्त होते, गावठी कोंबडीत क्वचित. व्हाईट पेकिनसारख्या जड जातींवर आणि राजहंसाच्या पिल्लांवर विशेष लक्ष ठेवा. मुख्य कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्रथिने आणि पिष्टमय खाणे, आणि त्यामुळे होणारी भराभर वाढ. हालचाल कमी असणे, ड आणि ई जीवनसत्त्व व मँगनीज कमी पडणे, घराण्यातच तो दोष असणे, यांचाही हात असतो.

आधी खात्री करा

लोंबणारा प्रत्येक पंख हा हाच दोष नसतो. चुकीच्या दुखण्याला पट्टी बांधली तर खरे दुखणे आत वाढत राहते, म्हणून इथे पाच मिनिटे जास्त घालवा.

पिल्लू दुपारच्या उकाड्यात दोन्ही पंख अंगापासून दूर धरून तोंड उघडे ठेवून धापा टाकत असेल, तर ते स्वतःला गार करते आहे. सावलीत न्या, पाणी द्या, पंख आपोआप मिटतील. पिसे फुटताना पंख किंचित खाली झुकणे हेही बऱ्याच पिल्लांत दिसते. पिसे मिटताना नीट आत जात असतील तर फक्त लक्ष ठेवा आणि खाणे तपासा.

एका दिवसात अचानक पंख लोंबला, हात लावताच पिल्लू ओरडते, जागा गरम किंवा सुजलेली आहे, तर तो मार आहे. पक्ष्यांचा मुका मार दोन-तीन दिवसांत हिरवट दिसू लागतो. ते पाहून सडल्याची भीती बाळगू नका, पण हाड मोडले आहे का ते बघा. दोन्ही पंख हळुवार उघडून एकमेकांशी ताडून पाहा. मधेच वाक, कुरकुर किंवा जास्तीची हालचाल जाणवली तर मोड समजा.

पिल्लू पंख टाकून एका जागी फुगून बसते, खात नाही, विष्ठेत रक्त आहे, तर ती रक्ती हगवण असू शकते. मान वळणे, पाय लुळे पडणे, पाठोपाठ दोन-तीन पक्षी आजारी पडणे ही मानमोडीसारख्या साथीची लक्षणे आहेत. बदकांची मान आणि पंख एकदम लुळे पडले आणि जवळ साचलेले, सडके पाणी किंवा मेलेले जनावर असेल, तर विषबाधेचा संशय घ्या. या सगळ्यांत पट्टीचा उपयोग शून्य. आजारी पक्षी वेगळे काढा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. एकदम अनेक पक्षी मेले तर हातही न लावता आधी दवाखान्यात कळवा.

खरा वळलेला पंख असा ओळखायचा: पिल्लू खाते-पिते, धावते, अंगात चैतन्य आहे, पण पंख मिटल्यावर टोकाची पिसे बाहेर फाकतात. तुम्ही बोटाने आत ढकलली की विनावेदना आत जातात आणि सोडली की पुन्हा बाहेर येतात. ती सहज आत जातात तोवर पट्टीने काम होते.

पट्टीसाठी काय जमवायचे

मेडिकलमध्ये स्वतःलाच चिकटणारे बँडेज मिळते, त्याला कोहेसिव्ह बँडेज म्हणतात. ते पिसांना चिकटत नाही, म्हणून उत्तम. रुंदी अडीच सेंटिमीटर पुरे. रुंद मिळाले तर उभे कापून घ्या. ते नसेल तर जुन्या मऊ सुती साडीची पट्टी आणि टोक धरायला कागदी मायक्रोपोर टेप. प्लॅस्टिकची चिकटपट्टी, वायरीवरची काळी टेप, रबर बँड आणि सुतळी यांना हात लावू नका. चिकटपट्टी कोवळी पिसे उपटते, रबर आणि सुतळी रक्त अडवतात. पट्टीचा रंग शक्यतो मातकट घ्या, कारण लाल-निळ्या भडक रंगावर बाकीची पिल्ले चोची मारत बसतात.

शिवाय एक टॉवेल, बोथट टोकाची कात्री, थोडा कापूस आणि वाटीभर तांदळाचे पीठ जवळ ठेवा. कोवळे पीस मोडले तर भळाभळा रक्त येते. तेव्हा पीठ लावून कापसाने दोन-तीन मिनिटे दाबून धरायचे. रक्त थांबलेच नाही तर ते पीस देठासकट काढावे लागते, पण ते काम पशुवैद्याकडून करून घ्या.

पट्टी बांधणे

सकाळी बांधा, म्हणजे दिवसभर पिल्लू डोळ्यासमोर राहते. माणसे दोन हवीत, एकाने धरायचे आणि दुसऱ्याने बांधायचे. धरणाऱ्याने पिल्लाच्या पोटाखाली तळवा द्यावा, पाय हलकेच बोटांत घ्यावेत आणि अंगावर टॉवेल टाकून फक्त दुखरा पंख बाहेर ठेवावा. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड वर-खाली झाले तरच त्याचा श्वास चालतो. घट्ट धरलेले पिल्लू हातात गुदमरू शकते.

आता पंख नैसर्गिक घडीत मिटा. कोपर शेपटीकडे, मनगट छातीकडे. टोकाची पिसे एकेक करून आतल्या पिसांखाली सरकवा. दुसरा, चांगला पंख शेजारीच आहे, तो पाहून घडी जुळवा. दोन्ही पंख वळलेले असतील तर त्याच वयाचे निरोगी पिल्लू जवळ धरून बघा. घडी जमेपर्यंत पट्टी उघडूही नका, कारण चुकीच्या घडीवर बांधलेला पंख चुकीच्याच घडीत पक्का होतो.

घडी जमली की ती अंगठा आणि तर्जनीने तशीच धरून पट्टीचे टोक पंखाच्या बाहेरच्या अंगाला, मनगटाच्या वाक्याच्या जरा मागे ठेवा. तिथून पट्टी पंखावरून खाली न्या, पंख आणि अंग यांच्या मधून वर काढा आणि पुन्हा बाहेर आणा. असे दोन-तीन वेढे पुरतात. प्रत्येक वेढ्याची ओढ पिसांना आत, अंगाकडे दाबणारी हवी. शेवटचा वेढा तिरका घेऊन मनगटाच्या पुढून काढला की पट्टी मागे सरकून निसटत नाही. पंख टोकाकडे निमुळता असल्याने पहिल्या दिवशी पट्टी निसटते ती बहुधा हा तिरका वेढा न घेतल्यामुळेच. बँडेज ताणून बांधू नका. रिळावरून सोडवून घ्या आणि नुसते टेकवत न्या.

पट्टीखाली करंगळीचे टोक जायला हवे. पंख स्वतःवरच बांधला गेला पाहिजे, अंगाला नाही. पिल्लाच्या पोटाभोवती वेढे घेण्याचा मोह होतो, कारण पंख लगेच चिकटलेला दिसतो. पण त्याने श्वास अडतो, तोल जातो, आणि वाढत्या पिल्लाला तीच पट्टी दोन दिवसांत घट्ट होते. बांधून झाले की पिल्लू जमिनीवर ठेवा. पहिले काही मिनिटे ते मागे-मागे चालेल, गोल फिरेल, पट्टी ओढेल. हे ठीक आहे. तासाभरानेही उठत नसेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर पट्टी सोडा.

पुढचे दिवस

बांधल्यावर तासाभराने एकदा आणि नंतर रोज सकाळ-संध्याकाळ पाहा. पंखाचे टोक गार लागले, सुजले किंवा काळपट पडले तर पट्टी त्याच क्षणी कापा. रोज एकदा पट्टी सोडून पंधरा-वीस मिनिटे पिल्लाला पंख झाडू द्या. हे टाळू नका. सतत बांधलेला पंख सरळ दिसतो, पण स्नायू झिजतात आणि सांधा आखडतो. याच वेळी खालची कातडी बघा. पावसात ओली झालेली पट्टी कातडी कुजवते, म्हणून ओली दिसली की बदला. पट्टी असेपर्यंत पिल्लाला खोल पाण्यात सोडू नका. पिण्याचे भांडे मात्र इतके खोल हवे की चोच आणि नाकपुड्या बुडतील, कारण बदकाला नाक धुवायला पाणी लागतेच.

लवकर सापडलेल्या पिल्लाचा पंख तीन ते पाच दिवसांत जागेवर राहू लागतो. पट्टी सोडल्यावर दिवसभर पिसे आत राहिली तर पुन्हा बांधायची गरज नाही, फक्त आठवडाभर लक्ष ठेवा. पिल्लू थकले की संध्याकाळी पंख पुन्हा बाहेर येत असेल, तर रात्रीपुरती पट्टी आणखी काही दिवस चालू ठेवा. दोन आठवडे नेमाने करूनही फरक नसेल तर थांबा. त्यापुढे बांधण्याने फायद्यापेक्षा त्रास जास्त.

खाणे बदलल्याशिवाय पट्टी टिकत नाही

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच लोक सोडून देतात. पट्टीने आज पंख जागेवर येतो. वाढीचा वेग तसाच राहिला तर आठ दिवसांत तो परत वळतो, आणि त्या खुराड्यातल्या बाकीच्या पिल्लांचेही पंख वळू लागतात. म्हणून एका पिल्लाला पट्टी लागली की खाणे सगळ्यांचे बदलायचे.

बदकाच्या पिल्लाला पहिले दोन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिने लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून १५-१६ टक्के पुरतात. बाजारातले ब्रॉयलरचे प्री-स्टार्टर खाद्य साधारण २२-२३ टक्क्यांचे असते. ते सहा आठवड्यांत मांस तयार करण्यासाठी बनवलेले आहे आणि दोन महिने तेच घालत राहणे हे पंख वळण्याचे नेहमीचे कारण. अंड्यावरच्या कोंबडीचे लेयर खाद्यही पिल्लांना नको. त्यात कवचासाठी घातलेला चुना वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडावर ताण आणतो. याच कारणाने खाडीतल्या तिसऱ्यांची किंवा कालवांची शिंपले कुटून पिल्लांना घालू नका. ती अंडी देणाऱ्या माद्यांसाठी ठेवा. तिसऱ्या आठवड्यापासून ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचे खाद्य मिळाले तर प्रश्नच मिटला.

घरी मिश्रण करायचे असेल तर पाच किलोचा हिशेब असा: तांदळाची कणी अडीच किलो, भाताचा बारीक कोंडा दीड किलो, शेंगदाण्याची पेंड पाऊण किलो, सुकी मासळी कुटून २०० ग्रॅम आणि खनिज मिश्रण ५० ग्रॅम. कणीत सुमारे ८, कोंड्यात १२, पेंडीत ४० च्या वर आणि चांगल्या सुक्या मासळीत ५० च्या आसपास टक्के प्रथिने धरली तर हे मिश्रण १६ टक्क्यांच्या जवळ बसते. खनिज मिश्रणातून मँगनीज मिळते, ते गाळू नका.

मासळीबाबत आपल्या किनाऱ्यावर जपायला हवे. सुकट, जवळा हाताशी असतो म्हणून मुठीने घातला जातो. त्याने प्रथिने एकदम वर जातात, आणि मिठात वाळवलेली मासळी असेल तर मीठ पिल्लाला विषासारखे बाधते. बिनमिठाचीच वापरा किंवा धुवून, पुन्हा कडक वाळवून घ्या.

पेंडीचा वास घ्या. पावसाळ्यात शेंगदाण्याच्या पेंडीवर आणि कणीवर बुरशी धरते आणि त्या बुरशीचे विष बदकाच्या पिल्लांइतके फार थोड्या प्राण्यांना बाधते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले मेली, ती अशाच बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने. त्यात बदकाची पिल्लेही होती. पेंड खवट, कुबट किंवा हिरवट डागांची दिसली तर टाकून द्या, उन्हात वाळवून ते विष जात नाही. जून ते सप्टेंबर एका वेळी आठवड्यापुरतेच खाद्य बनवावे हे बरे.

पाव, बिस्किटे, शिळी पोळी, भात बंद. कृषी पर्यटनाची घरे आता किनाऱ्यावर खूप झाली आहेत आणि पाहुण्यांची मुले हौसेने बदकांना पाव घालतात. मुलांच्या हातात चिरलेला माठ किंवा शेवग्याचा पाला द्या, त्यांची हौसही भागते. हिरवा चारा पोटभर द्यायला हरकत नाही. ॲझोला हा पाण्यावर तरंगणारा हिरवा चारा छोट्या टाकीत माडाखाली छान वाढतो. कच्चे अळू मात्र नको, त्याने घसा खाजतो आणि सुजतो.

खाणे कमी करायचे म्हणजे उपाशी ठेवायचे नाही. मिश्रण सकाळी आणि संध्याकाळी मोजून द्या, अर्ध्या तासात संपेल एवढे, आणि मधला वेळ पिल्लांना हिंडू द्या. उघडीप मिळाली की भाताच्या बांधावर सोडा. तिथे त्या दिवसांत फवारणी किंवा कीटकनाशकाचे दाणे पडले नाहीत ना, हे शेजाऱ्याला विचारून घ्या. आणखी एक, बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा दीडपट ते दुप्पट लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात. पंखाबरोबर चालही बिघडलेली दिसली तर दवाखान्यातून बी-कॉम्प्लेक्स लिहून घ्या.

कोंबडीच्या पिल्लाचा मोडलेला पंख

कोंबडीच्या पिल्लांत दोष कमी, इजा जास्त. मांजर, कावळा, घाईत ठेवलेले डालगे, जाळीत अडकलेला पंख. हाड कातडीबाहेर आले असेल किंवा खांद्याजवळचे हाड मोडले असेल तर घरी खटपट करू नका. पक्ष्यांचे दंडाचे हाड पोकळ असते आणि त्याच्या श्वासाच्या पिशव्यांशी जोडलेले असते. जखमेत ओतलेले पाणी किंवा औषध थेट तिथे जाऊ शकते. स्वच्छ सुके कापड हलके लावून पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला आणि दवाखान्यात न्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका.

कातडी शाबूत आहे आणि मनगट-कोपर यांच्यामधला मोड आहे, तर पंख घडीत मिटून मनगट आणि कोपर यांना आठच्या आकड्यासारखे वेढे द्या. इथे मात्र पंख अंगाला सैलसर जोडावा लागतो. वेढा दुसऱ्या पंखाखालून काढा, तो पंख आणि दोन्ही पाय मोकळे ठेवा. ही पट्टी रोज सोडायची नाही. रोज नुसती तपासायची. वाढत्या पिल्लाचे हाड दोन-तीन आठवड्यांत जुळते, तोवर त्याला एकट्याला, उडी मारायला काही नसलेल्या जागी ठेवा.

पंख सरळ झालाच नाही तर

मोठ्या पक्ष्याचा वळलेला पंख सहसा दुखत नाही. असे बदक खाते, पोहते, अंडी देते. त्याला पिळून सरळ करायचा प्रयत्न कधीच करू नका. ते उडून जीव वाचवू शकत नाही, म्हणून संध्याकाळी सर्वांत आधी त्याला आत घ्या. पैदाशीला ठेवायचे का, याचा निर्णय खाण्यावरून करा. एकाच खुराड्यातल्या अनेक पिल्लांचे पंख वळले असतील तर दोष खाण्याचा. नीट खाणे मिळूनही एकाच जोडीच्या पिल्लांत दरवेळी तोच दोष येत असेल, तर त्या जोडीची अंडी उबवायला ठेवू नका.

फाकलेली पिसे करवंदीच्या जाळीत, कुंपणात अडकून मोडतात, म्हणून ती अर्ध्यावर कापता येतात. कात्री लावण्याआधी पिसाचा देठ उजेडात धरा. पांढरा, कोरडा आणि पोकळ दिसला तरच कापा. निळसर किंवा लालसर असेल तर त्यात अजून रक्त आहे, आणखी पंधरा दिवस थांबा.